बाळ पोटातच का गेलं? वार, नाळ आणि शवविच्छेदन काय सांगू शकतात

‘बाळाचे ठोके लागत नाहीयेत.’ सोनोग्राफीच्या खोलीत हे ऐकलं की त्या घरापुढे एकामागून एक निर्णय येऊन उभे राहतात. कळा कधी आणायच्या, घरी कोणी कळवायचं, बाळाला माती कुठे द्यायची. याच गोंधळात एखादे डॉक्टर विचारतात, ‘बाळाचं शवविच्छेदन करायचं का?’ बहुतेक घरांतून लगेच नकार येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण आपण नेमकं कशाला ‘नको’ म्हणतोय, हे त्या आईबापांना कोणी नीट सांगितलेलं नसतं. त्याहूनही जास्त वेळा हा प्रश्न कोणी विचारतच नाही. वार, म्हणजे पोटात बाळाला अन्न आणि प्राणवायू पुरवणारा अवयव (प्लासेंटा), रुग्णालयाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली जाते आणि उत्तराचा मोठा भाग तिच्याबरोबर निघून जातो.

पुढे काही महिन्यांनी तीच आई विचारते, ‘पण झालं कशामुळे?’ तेव्हा तपासायला हातात काही उरलेलं नसतं.

बाळ पोटात जाण्याची कारणं पुष्कळ आहेत. या लेखात त्यातल्या एकाच गटाबद्दल, म्हणजे जंतुसंसर्गाबद्दल लिहिलं आहे. हा गट वेगळा काढण्याचं कारण असं की यातली बरीच दुखणी टाळता येतात किंवा त्यांच्यावर उपचार आहेत, आणि नेमक्या याच गटाबद्दल आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

उपजत मृत्यू कशाला म्हणतात

सरकारी दाखल्यावर ‘उपजत मृत्यू’ असा शब्द असतो. आपल्याकडच्या जन्म-मृत्यू नोंदणीत गर्भारपणाचे २८ आठवडे पूर्ण झाल्यानंतर बाळ मृत जन्माला आलं तर त्याची उपजत मृत्यू म्हणून नोंद करावी लागते. जगभरातले आकडे एकमेकांशी ताडून बघताना जागतिक आरोग्य संघटनाही हीच २८ आठवड्यांची रेघ धरते. त्या हिशेबाने जगात वर्षाला सुमारे १९ लाख बाळं अशी जातात. त्यातली ४० टक्क्यांहून अधिक कळा सुरू झाल्यानंतर जातात, म्हणजे आई बाळंतपणाच्या वाटेवर असताना.

भारतात जन्मच इतके होतात की अशा मृत्यूंच्या संख्येतही आपण जगात सगळ्यात वर आहोत. २०१४ मध्ये केंद्र सरकारने नवजात बालकांसाठी कृती आराखडा आणला. त्यात २०३० पर्यंत हे प्रमाण हजार जन्मांमागे दहाच्या खाली आणायचं ठरलं. पण मृत्यू कशामुळे होतात हेच नोंदलं गेलं नाही, तर ते कमी करायला सुरुवात कुठून करणार?

जंतू आत पोचतात कसे

मार्ग मुख्यतः दोन आहेत.

पहिला खालून वर जाणारा. योनिमार्गातले जिवाणू गर्भाशयाच्या तोंडातून वर चढतात, पाणमोटीच्या पडद्यांत शिरतात आणि गर्भजलात पोचतात. बाळ तेच पाणी गिळतं आणि फुप्फुसात ओढतं. ई. कोलाय, ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस, युरियाप्लाझ्मा हे या वाटेने येणारे. पाणी आधी गेलेलं असायलाच हवं असं नाही. पडदे शाबूत असतानाही हे होऊ शकतं, आणि आईला साधी कणकणही न येता होऊ शकतं. ‘मला ताप नव्हता, मग संसर्ग कसा?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

दुसरा मार्ग आईच्या रक्तातून. जंतू आईच्या रक्तात असतात, वारेत उतरतात आणि तिथून बाळाकडे जातात किंवा वारेचंच काम बंद पाडतात. सिफिलिस (लैंगिक संबंधातून पसरणारा आजार), लिस्टेरिया, पार्व्होव्हायरस, सायटोमेगॅलोव्हायरस, रुबेला हे या वाटेचे. मलेरियाही इथलाच. फाल्सिपॅरम मलेरियाचे परजीवी असलेल्या रक्तपेशी वारेत जाऊन चिकटून बसतात. त्यामुळे आईच्या बोटातून काढलेल्या रक्तात अनेकदा काही दिसत नाही आणि वार मात्र परजीवींनी भरलेली असते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात ही गोष्ट पुस्तकापुरती नाही.

कोविडने या मार्गाचं एक वेगळं रूप दाखवलं. २०२१ च्या सुरुवातीला आयर्लंडमधल्या पॅथॉलॉजिस्टना काही मृत बाळांच्या वारेत एकसारखी नासधूस दिसू लागली. वारेतल्या ज्या जागेतून आईचं रक्त वाहतं तिथे घट्ट फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारं धाग्यांसारखं प्रथिन) साचलेलं, दाहाच्या पेशी जमलेल्या आणि वारेवरचं आवरण मेलेलं. अशा बाळांपैकी अनेकांच्या शरीरात विषाणूने फारसं काही केलेलं नव्हतं. वार निकामी झाली आणि बाळाला प्राणवायू मिळेनासा झाला. त्या वारा कोणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याच नसत्या, तर हे कारण आजही ‘अज्ञात’ या रकान्यात राहिलं असतं.

तपासणीत बघतात काय

शवविच्छेदन म्हटलं की डोळ्यांपुढे फक्त सुरी येते. प्रत्यक्षात कामाची सुरुवात बघण्यापासून होते. बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, त्वचेचा रंग, अंगावर सूज. फोटो आणि एक्स-रे काढतात. त्वचा किती सुटली आहे यावरून बाळ जाऊन किती वेळ झाला याचा अंदाज येतो, कारण पोटात बाळ गेल्यावर साधारण सहा तासांनी त्वचा सुटायला लागते. बाळ फिकट आणि अंगभर सुजलेलं असेल तर पार्व्होव्हायरसचा विचार येतो. तो विषाणू रक्त तयार करणाऱ्या पेशींवर जातो, बाळाला तीव्र रक्तक्षय होतो आणि हृदय थकतं.

मग आतले अवयव. जंतुसंसर्गाच्या तपासात सगळ्यात बोलका अवयव फुप्फुस. संसर्ग झालेलं गर्भजल बाळाने आत ओढलं असेल तर फुप्फुसाच्या वायुकोशांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी भरलेल्या दिसतात. यकृतात पिनाच्या टोकाएवढे पांढरट ठिपके दिसले तर लिस्टेरियाची शंका घेतात. सायटोमेगॅलोव्हायरसने पछाडलेली पेशी फुगते आणि तिच्या केंद्रात एक गडद गोळा दिसतो. तो दिसला की पॅथॉलॉजिस्टला फारसं शोधावं लागत नाही.

आणि वार. माझ्या मते या सगळ्या तपासात वारेइतकं महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही. बाळ गेल्यावरही वारेच्या आईकडच्या बाजूला आईचं रक्त फिरत राहतं, त्यामुळे बाळाचे अवयव मऊ पडले तरी वार बऱ्यापैकी शाबूत मिळते. सिफिलिसमध्ये ती मोठी, जड आणि फिकट होते. मलेरियात तिच्यात काळपट रंगद्रव्य साचतं. खालून चढलेल्या संसर्गात तिच्या पडद्यांची चमक जाऊन ते गढूळ दिसतात.

नाळेचा एक आडवा काप काचपट्टीवर घेतला तर तीन रक्तवाहिन्या दिसतात, दोन धमन्या आणि एक शीर. संसर्ग असेल तर त्यांच्या भिंतींतून बाहेर पडणाऱ्या पांढऱ्या पेशी दिसतात. वारेच्या पडद्यांत जमलेल्या पांढऱ्या पेशी आईच्या असतात. नाळेच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या मात्र बाळाच्या स्वतःच्या असतात. म्हणजे जंतू पोचले तेव्हा ते जीव जिवंत होतं, त्याला जंतूंची चाहूल लागली होती आणि ते लढत होतं. कितीही आधुनिक रक्तचाचणी केली तरी आईच्या दंडातून काढलेलं रक्त ही गोष्ट सांगू शकत नाही.

जंतू सापडला म्हणजे त्यानेच मारलं का?

इथे फसायला होतं. मृत्यूनंतर शरीरात जिवाणू वाढतात. बाळंतपणात योनिमार्गातून येताना ते अंगाला लागतात. हाताळताना लागतात. युरियाप्लाझ्मा तर कितीतरी निरोगी बायकांच्या योनिमार्गात कायम असतो. मग अहवालात जंतूचं नाव आलं म्हणून कारण सापडलं असं म्हणायचं का?

घरात माणसं असताना चोर शिरला तर झटापट होते. खुर्च्या उलथतात, बांगड्या फुटतात, दाराची कडी वाकते. घर ओस पडल्यावर शिरला तर चोर सापडेल, पण झटापटीच्या खुणा सापडणार नाहीत. पॅथॉलॉजिस्ट चोरही शोधतो आणि झटापटही शोधतो. फुप्फुसात जिवाणू वाढले, त्याच फुप्फुसात पांढऱ्या पेशी दिसल्या, वारेत दाह दिसला आणि नाळेतही दिसला, तर चित्र जुळलं. नुसता जिवाणू सापडला आणि दाहाचा मागमूस नसेल तर तो बहुधा नंतर आलेला.

‘बहुधा’ म्हणायचं कारण आहे. काही संसर्ग इतक्या झपाट्याने होतात की शरीराला झटापट करायला वेळच मिळत नाही. ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकसमध्ये असं घडू शकतं. म्हणून एका पुराव्यावर निकाल देत नाहीत.

नमुना घेण्याच्या रीतीवरही बरंच ठरतं. वारेचा नमुना वरून पुसून घेतला तर योनिमार्गातले जंतूच हाती लागणार. त्यामुळे वारेचे दोन पडदे एकमेकांपासून सोलून मधल्या जागेतून नमुना घेतात. आणि हे सगळं वार फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या रसायनात, बुडवण्याआधी करावं लागतं, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, काहीच उगवत नाही.

आईची टॉर्च टेस्ट केली की पुरत नाही का?

नाही. आणि याबद्दल मला ठामपणे लिहायचं आहे.

बाळ गेल्यावर आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी तपासणी म्हणजे ‘टॉर्च’. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस, हर्पिस अशा जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांची ही रक्तचाचणी. प्रतिपिंड म्हणजे जंतूशी गाठ पडल्यावर शरीराने तयार केलेली प्रथिनं. त्यातलं ‘आयजीजी’ पॉझिटिव्ह आलं तर अर्थ एवढाच की आयुष्यात कधीतरी, कदाचित लहानपणी, हा जंतू शरीरात येऊन गेला. सायटोमेगॅलोव्हायरसचं आयजीजी तपासलं तर भारतातल्या बहुतांश प्रौढ बायकांचं पॉझिटिव्ह येईल, ज्यांची चार मुलं अंगणात खेळतायत त्यांचंही. ‘आयजीएम’ ताज्या संसर्गाचं लक्षण मानतात, पण तेही महिनोन्‌महिने रेंगाळतं आणि खोटं पॉझिटिव्हही येतं.

तरी त्या कागदावरच्या ठळक अक्षरांच्या आधारे घरात ठरतं की ‘हिच्या रक्तात दोष आहे.’ मग औषधांचे कोर्स सुरू होतात, दर दोन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा होते आणि आयजीजी काही निगेटिव्ह होत नाही, कारण ते तसं व्हायचंच नसतं. या चक्रात बायकांची वर्षं जातात. पुरावा वारेत होता, ती टाकून दिली, आणि दोष मात्र आईच्या रक्तात शोधत बसलो, असं हे आहे.

अमेरिकेत २००६ ते २००८ दरम्यान ५९ रुग्णालयांत यावर मोठा अभ्यास झाला. ५१२ मृत बाळांची पूर्ण तपासणी केली. त्यातल्या सुमारे ६१ टक्क्यांत कारण बऱ्यापैकी खात्रीने सांगता आलं, संभाव्य कारणं धरली तर सुमारे ७६ टक्क्यांत. जंतुसंसर्ग जवळपास १३ टक्क्यांत आढळला. कोणती तपासणी किती उपयोगी ठरली हेही त्यांनी नंतर मोजलं. वारेची तपासणी सुमारे ६५ टक्के वेळा उपयोगी पडली, शवविच्छेदन ४२ टक्के वेळा. आईच्या रक्तातल्या पार्व्होव्हायरसच्या चाचणीचा उपयोग अर्धा टक्काही नव्हता.

आईच्या काही चाचण्या करायलाच हव्यात. सिफिलिसची, मलेरियाच्या भागात मलेरियाची, ताप असेल तर रक्ताच्या कल्चरची. शिवाय मधुमेह आणि रक्त गोठण्याच्या दोषांची, कारण ती कारणंही डोक्यात ठेवावी लागतात. तक्रार आहे ती सगळं एका टॉर्चवर सोपवून मोकळं होण्याबद्दल.

चिरफाड नकोच असेल तर?

तान्ह्या जिवाच्या अंगाला आणखी सुरी लावू देणं अनेकांना झेपत नाही. त्या आईबापांना कोणी अडाणी म्हणू नये. त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे, सुईने नमुने घेण्याचा. जाड सुईने फुप्फुस, यकृत, मेंदू यांचे अगदी बारीक तुकडे घेतात. सोबत थोडं रक्त, पाठीच्या कण्यातलं पाणी आणि वारेचे नमुने. अंगावर टोचल्याच्या खुणांपलीकडे काही दिसत नाही. पूर्ण शवविच्छेदनापेक्षा वेळही खूप कमी लागतो, त्यामुळे अंत्यविधी लांबत नाही.

ही पद्धत बार्सिलोनाच्या संशोधकांनी मोझांबिकची राजधानी मापुतो इथे पूर्ण शवविच्छेदनाशी ताडून पाहिली. पुढे आफ्रिकेतले अनेक देश आणि बांगलादेश यांत पसरलेल्या ‘चॅम्प्स’ या जाळ्याने ती बालमृत्यूंच्या कारणांसाठी वापरली. भारतात दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात आणि कर्नाटकातल्या दावणगेरे इथे ती वापरून अभ्यास झाले. दावणगेरेचा अभ्यास कराचीच्या बरोबरीने झाला. तिथे बहुसंख्य मृत बाळांमध्ये मूळ कारण प्राणवायू कमी पडणं हेच निघालं आणि संसर्गाचा वाटाही दिसला. आपल्याच शेजारच्या राज्यातल्या, आपल्यासारख्याच घरांतल्या आईबापांनी यासाठी होकार दिला, हे मला फार मोलाचं वाटतं.

सुईची मर्यादाही सांगायला हवी. संसर्ग ओळखायला ती चांगली आहे, पण हृदयाच्या रचनेतला दोष किंवा आतला रक्तस्राव तिच्या हातून निसटू शकतो.

सुईही नको असेल, तर नुसत्या वारेच्या तपासणीला होकार देता येतो. बाळाला कोणी हातही लावत नाही.

पोलीस, पंचनामा आणि परवानगी

‘पोस्टमॉर्टेम म्हणजे पोलीस केस’ ही समजूत घट्ट आहे. अपघात, खून, संशयास्पद मृत्यू यांत पोलिसांच्या आदेशाने जे होतं ते न्यायवैद्यकीय शवविच्छेदन. तिथे नातेवाइकांची परवानगी लागत नाही. आजाराचं कारण शोधायला होतं ते वैद्यकीय शवविच्छेदन. ते आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय होत नाही, त्यात पोलीस नाहीत, पंचनामा नाही. संमतीही सगळी किंवा काहीच नाही अशी नसते. फक्त वार, फक्त बाहेरची पाहणी आणि एक्स-रे, फक्त सुई, असं लिहून देता येतं.

तपासणीनंतर बाळ घरच्यांच्या ताब्यात मिळतं. माती द्यायची, प्रार्थना करायची, जे आपल्या रीतीत असेल ते करता येतं.

एवढं करून कारण मिळालं नाही तर?

तसं होतं. वर दिलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात सगळं करूनही सुमारे एक चतुर्थांश बाळांचं कारण सापडलं नाही. पण ‘संसर्ग नव्हता, व्यंग नव्हतं, वार ठीक होती’ हेही हाती लागतंच. पुढच्या खेपेला नको ती औषधं टळतात. पपई खाल्ली, ग्रहणात बाहेर पडली, सासूचं ऐकलं नाही, असल्या बोलण्यांना डॉक्टरांच्या सहीचा कागद दाखवता येतो.

कारण सापडलं तरी आईचा दोष क्वचितच निघतो. खालून चढणारे जिवाणू अस्वच्छतेमुळे येतात हा समज चुकीचा आहे, ते निरोगी शरीरातही असतात. सिफिलिस निघाला तर घरात वादळ उठतं हे खरं. पण अनेकदा बायकोला तो नवऱ्याकडून आलेला असतो आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

कधी आणि काय मागायचं

ठोके नाहीत हे कळल्यानंतर आणि बाळंतपण होण्याआधी बहुतेकदा थोडा वेळ मिळतो. तेव्हाच घरातल्या एका शांत माणसाने डॉक्टरांना सांगावं, ‘वार टाकू नका, तपासायला पाठवायची आहे.’ आई तेव्हा बोलण्याच्या अवस्थेत नसते. हे काम मावशीने, दिराने, कोणीही करावं.

वार लगेच पाठवता येत नसेल तर साध्या फ्रीजमध्ये स्वच्छ डब्यात ठेवतात. फ्रीझरमध्ये नाही, कारण गोठल्यावर पेशी फुटतात. कल्चरचा नमुना आधी, फॉर्मॅलिन नंतर. बाळाचे नमुने शक्यतो पहिल्या चोवीस तासांत घ्यावेत. छोट्या रुग्णालयात ही सोय नसते. तेव्हा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात पाठवता येईल का ते विचारावं, आणि सोबत गर्भारपणाची फाइल द्यावी. किती आठवडे झाले होते, ताप होता का, पाणी कधी गेलं, हे माहीत नसलेल्या पॅथॉलॉजिस्टला काचपट्टी अर्धीच वाचता येते.

अहवालामुळे पुढे काय बदलतं

सिफिलिस निघाला तर बेंझाथीन पेनिसिलिनची इंजेक्शनं, आणि ती नवऱ्यालाही. नाहीतर बायको बरी होते आणि तिला पुन्हा लागण होते. पुढच्या गर्भारपणात लवकर तपासणी होते, आणि गरज पडली तर बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी उपचार व्हावे लागतात. सिफिलिसमुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे १ लाख ४३ हजार बाळं पोटातच गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ज्या दुखण्यावर पेनिसिलिनसारखं जुनं, स्वस्त औषध आहे त्याने इतकी बाळं जावीत याचा मला संताप येतो.

ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस निघाला तर पुढच्या बाळंतपणात कळा सुरू झाल्यावर शिरेतून अँटिबायोटिक देतात. आपल्याकडे या जिवाणूची सरसकट तपासणी होत नाही, त्यामुळे आधीच्या बाळाचा अहवाल हीच डॉक्टरांना मिळणारी एकमेव सूचना असू शकते. तपासात आईला रुबेलाविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही असं दिसलं तर गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधी लस. पार्व्होव्हायरस किंवा टोक्सोप्लाझ्मा निघाला तर उत्तर बरंचसं दिलासा देणारं असतं, कारण एकदा झालेल्या संसर्गाने आईला प्रतिकारशक्ती येते आणि पुढच्या बाळाला त्याच जंतूचा धोका सहसा राहत नाही.

अहवाल यायला काही आठवडे लागतात. तो आला की डॉक्टरांबरोबर वेळ ठरवून, नवरा-बायको दोघांनी समोर बसून समजून घ्यावा. त्याची प्रत घरी जपून ठेवावी आणि पुढच्या वेळी दिवस गेल्याचं कळलं की पहिल्याच तपासणीला ती सोबत न्यावी, डॉक्टर बदललेले असतील तर न विसरता.